ताटावर ऐकलेलं

जे आजवर कुणालाच सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला पळवाट उरणार नाही. एका बहीण-भावाची छोटी कंपनी आमच्या मोठ्या कंपनीनं विकत घेतली. सौदा चालू असताना त्या दोघांनी जपलेली एक गोष्ट आमच्या लोकांना कळली आणि त्यांची बाजू पडली. बहिणीला वाटलं, भावानं फोडली. तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. पण भावानं काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. आणि तिनं मला तोंडावर विचारलं तेव्हा मी गप्प बसलो.

गप्प बसणं हा माझा लहानपणापासूनचा गुण. वडील सांगलीकडून इथे, बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यात आले, आम्ही कारखान्याच्या वसाहतीत वाढलो. भिंतीला भिंत, सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू जायचं. ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही अशांची आमच्याकडे थट्टा चालायची आणि आई मला पुढे करून म्हणायची, घरातलं घरात ठेवावं तर याच्यासारखं. पुढे नोकरीतही तेच कौतुक झालं. मीटिंगमध्ये मी कमी बोलतो म्हणून जे बोलतो ते तोलूनच असणार, असा माझा लौकिक झाला. हा लौकिक मी मनापासून जपला. त्याचा उपयोग काय झाला ते पुढे येईलच.

माझं काम आधी समजावून सांगतो. मोठ्या कंपन्या लहान ॲप विकत घेतात ती कधी चालवायला घेतात, कधी बंद करायला, आणि पुष्कळदा आतली चार माणसं उचलायला. दुकान घ्यायचं, कारागीर ठेवायचा, पाटी उतरवायची. आमच्यात याला कुणी वाईट म्हणत नाही. असं दुकान घ्यावं की नाही, आतलं यंत्र खरंच चालतं का, ते नेमकं कोण चालवतं, हे बघून सांगणाऱ्यांमधला मी एक. किंमत ठरवणारे वेगळे. ते बहुतेक परदेशात बसतात आणि पडद्यावर भेटतात.

या दोघांचं ऑफिस एचएसआर लेआउटमध्ये होतं, खाली व्यायामशाळा आणि वर हे. बेळगावच्या पुढच्या एका खेड्यातली ही भावंडं. भाऊ थोरला. ती त्याला अण्णा म्हणायची, पण कंपनीची मालकीण ती आणि कोड लिहिणारा तो. त्यांच्या ॲपवर प्रत्येक गावाचा एक कट्टा असे. गाव सोडून पुण्याला, मुंबईला, दुबईला गेलेली माणसं त्यावर जमायची. लिहायचं कमी, बोलायचं जास्त, आवाज टाकायचा. मराठी बोला, कन्नड बोला, मधलं काहीतरी बोला. त्यांच्या स्वतःच्या गावच्या कट्ट्यावर एक निवृत्त कंडक्टर रोज सकाळी बोलायचे. नदीला पाणी किती आलं, कुणाला दवाखान्यात नेलं, पहिली गाडी आली की नाही. मी तपासणीसाठी तो कट्टा उघडला आणि मग रोज उघडायला लागलो. ते गाव माझं नाही. मी ते अजून पाहिलेलंही नाही. पण सकाळचा चहा त्या माणसाच्या खाकरण्याशिवाय सुरू होईना.

पहिली मीटिंग इंग्रजीत झाली, चांगली झाली. संपल्यावर लिफ्टपाशी मला बायकोचा फोन आला. येताना कढीपत्ता आण, म्हणाली, आणि मी मराठीत, आमच्या बेंगळुरी मराठीत, बरं अक्का आणतो, असं चेष्टेनं म्हणालो. मागे ती उभी होती. तिचा चेहरा असा उजळला की मलाच संकोच वाटला. "तुम्ही मराठी होय? मग तासभर मी इंग्रजी का फाडत बसलो?" तिच्याकडच्या बायका बोलतात तसं ती स्वतःविषयी 'आलो, गेलो' म्हणायची.

या शहरात आमची मराठी चपला काढल्यावर सुरू होते. बाहेर हिंदी, इंग्रजी, दुकानात स्वल्प कन्नड, आणि उंबऱ्याच्या आत मराठी. म्हणून मराठीत जे बोललं जातं ते आपोआप घरातलं होतं. बाहेरच्या माणसाशी मराठी बोलायची सवयच नसल्यामुळे, जो मराठी बोलतो तो बाहेरचा नाही, असं आम्ही न ठरवताच धरून चालतो. पुण्याहून नवीन आलेल्यांना हे चटकन कळत नाही. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की चूक कुठे होते तेच दिसत नाही.

सौदा चालू असताना समोरच्या माणसांना ऑफिसबाहेर भेटायचं नाही, असा आमचा नियम आहे. मी तिला जेवायला बोलावलं. एक गोष्ट खरी आहे आणि त्या गोष्टीचा मला फायदा घ्यायचा नाही, पण ती सांगायलाच हवी. बोलावलं तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. माझी मुलं शिकायला बाहेर, घरात आम्ही दोघं, आणि ती बोलायला लागली की वसाहतीतली दुपार परत आल्यासारखं वाटायचं. बस.

जे. पी. नगरच्या आमच्या घरी ती तीन-चारदा आली. दारात चपला काढता काढता तिनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "ऑफिसात सर, इथं दादा. चालेल न्हवं?" माझ्या पुणेरी बायकोला तिनं वहिनी केलं आणि ओट्यापाशी उभी राहून तिच्या आमटीला नावं ठेवली. गूळ घालून आमटी करतात ती माणसं गोड बोलून फसवतात, म्हणे. बायको म्हणाली, आणि तिखट खाणारी सरळ फसवतात, नाही का? दोघी हसत सुटल्या. भाऊ एकदाच आला, फार बोलला नाही, पण भाकरी तीनदा मागून घेतली.

अशाच एका रविवारी, ती एकटी आलेली असताना, ताटावर बसल्या बसल्या तिचा घास हातातच राहिला. बायकोनं विचारलं, काय गं, बरं नाही का? तेव्हा ती बोलली. दुसरी एक मोठी कंपनीही आम्हाला मागतेय असं जे आम्ही तुमच्या लोकांना सांगतोय, ते खरं नाही. होती कुणीतरी, ती कधीच मागे फिरली. अण्णानं सांगितलंय की हे कुणाजवळ बोलायचं नाही, म्हणून कुणाजवळ बोललो नाही.

"खरं सांगतो दादा, दिवाळीपर्यंत ओढतो कसंतरी. त्याच्यापुढं पोरांना पगार द्यायला नाही."

मी म्हणालो, होईल सगळं नीट. बायकोनं तिच्या ताटात भात वाढला. एवढंच झालं.

दोन-तीन दिवसांनी पडद्यावरची मीटिंग होती. तिकडच्या साहेबानं विचारलं, या दोघांकडे दुसरं गिऱ्हाईक खरंच आहे का आणि ते किती थांबू शकतील? आमच्यातले दोघं-तिघं अंदाज करत राहिले. मी गप्प होतो. मग साहेबानं माझं नाव घेऊन विचारलं, तुला काय वाटतं? आणि मी इंग्रजीत एक वाक्य बोललो. दुसरं कुणी नाही, आणि त्यांच्याकडे दिवाळीपर्यंतच वेळ आहे.

खात्री आहे? आहे.

कुठून कळलं, असं कुणी विचारलं नाही. मी तोलून बोलणारा होतो ना. मला त्या क्षणी काय वाटलं तेही लिहितो, कारण ते लपवलं तर बाकीचं लिहून उपयोग नाही. मला बरं वाटलं. इतकी माणसं बोलत होती आणि ऐकलं गेलं ते माझं. लाज नंतर आली, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडला तेव्हा. डब्यात आमटीच होती.

साहेब म्हणाला, मग थांबूया; घाई त्यांना आहे, आपल्याला नाही. पुढे थांबवायचं काम माझ्याकडेच आलं. वकील बघतायत, एक सही राहिली आहे, पुढच्या आठवड्यात बोलू, अशा मेल मी लिहिल्या. ती फोन करायची, दादा, नेमकं काय अडलंय ओ? मी म्हणायचो, मोठी कंपनी आहे, वेळ लागतो. बायको म्हणाली, तिला बोलाव की या रविवारी. मी म्हणालो, आता सौदा चालू आहे, बरं दिसत नाही. नियम मला तेव्हा आठवला.

दसरा झाला आणि आमच्याकडून नवा प्रस्ताव गेला. पहिल्यापेक्षा पुष्कळ खाली आणि वेगळ्याच आकाराचा. ॲप बंद करायचं. आवाजाचं जे काम भावानं केलं होतं ते आमच्या ॲपमध्ये घ्यायचं. भावाला आणि दोन पोरांना नोकऱ्या. तिला काही महिने सल्लागार म्हणून ठेवायचं, मग नाही. असे सौदे करताना प्रत्येक कारागिराला वेगळं बसवून मुलाखत घेतात, तशी भावाचीही आठवड्यापूर्वी झाली होती, बंद खोलीत, ती नसताना. हे लक्षात ठेवा, कारण तिच्याही ते लक्षात होतं.

त्या मीटिंगला आम्ही त्यांच्या ऑफिसात गेलो. तिनं सांगून पाहिलं की दुसरीकडून विचारणा आहे, हा आकडा आम्हाला परवडणार नाही. आमच्या सौदेवाल्या माणसानं शांतपणे उत्तर दिलं की दुसरीकडे कुणी नाही हे आम्हाला ठाऊक आहे आणि दिवाळीनंतर तुमची काय परिस्थिती असेल तेही ठाऊक आहे.

 मला वाटलं आता ती माझ्याकडे बघणार. मी लॅपटॉपच्या पडद्यात डोकं घातलं. वर पाहिलं तेव्हा ती भावाकडे बघत होती. भाऊ तिच्याकडे बघत होता. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच प्रश्न होता आणि मी त्या दोघांच्या मधोमध, टेबलाच्या पलीकडे बसलो होतो.

माझा संशय तिला का आला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कारण साधं आहे. ज्याच्या घरी जेवलो तो बाहेर जाऊन बोलेल, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. सख्खा भाऊ नोकरीसाठी फिरेल हे तिला एक वेळ पटलं.

निघताना लिफ्ट बंद होती. बाकीचे पुढे गेले. जिन्यात, व्यायामशाळेच्या बुटांच्या मांडणीपाशी, तिनं मला गाठलं. रडत नव्हती. आवाज बारीक करून तिनं विचारलं, "दादा, एकच सांगा. अण्णा बोलला का तुमच्या लोकांजवळ?"

"मला त्यावर काही बोलता येणार नाही," मी म्हणालो.

कागदोपत्री हे बरोबर उत्तर होतं. तिनं त्याचा अर्थ कुणीही लावला असता तोच लावला. "सरी," म्हणाली, म्हणजे कन्नडातलं 'बरं', आणि वर निघून गेली.

'अण्णा नाही.' एवढे दोन शब्द पुरले असते. माझं नाव घ्यायचीही गरज नव्हती. पण पुढचा प्रश्न 'मग कोण?' असा आला असता, आणि त्या प्रश्नाला भिऊन मी तिच्या भावाला तिथे जिन्यात सोडून दिलं.

सही झाली. ॲप बंद व्हायच्या आदल्या दिवशी कंडक्टर कट्ट्यावर बोलले की नदीला पाणी बेताचं आहे, गाडी वेळेवर आली, आणि उद्यापासून कुठं भेटायचं ते कुणीतरी सांगा. कुणी सांगितलं नाही. भावानं आमच्याकडची नोकरी घेतली, वर्षभरही टिकला नाही. ज्या कामासाठी त्याला उचललं ते काम आमच्या अवाढव्य ॲपमध्ये कुठेतरी घातलं गेलं आणि नंतर कुणी उघडूनही पाहिलं नाही. कॅन्टीनमध्ये मी त्याला टाळायचो. तिनं दुसरीकडे नोकरी धरली, लग्न केलं, मुलगा झाला. बायकोशी तिचा फोन चालू राहिला. माझ्याशीही ती नीटच बोलायची, तब्येत सांभाळा म्हणायची. हे ऐकून घेणं सगळ्यात कठीण होतं.

गेल्या आठवड्यात सकाळी बायको घेवडा निवडत बसली होती. फोन बघून म्हणाली, रविवारी तिच्या मुलाचं जावळ आहे, आपल्याला बोलावलंय. मग म्हणाली, मामाच्या मांडीवर बसवून केस काढायचे असतात, पण चुलतमामाला बसवणार आहेत म्हणे. सख्खा मामा याच शहरात असून. आणि शेंगेची शीर ओढत तिनं शेरा मारला, "असला भाऊ असण्यापेक्षा नसलेला बरा."

असं ती पूर्वीही म्हणाली होती आणि मी पूर्वी चहा प्यायलो होतो. या वेळी मी कप खाली ठेवला. मी म्हणालो, भाऊ चांगला आहे. मग सगळं सांगितलं.

बायकोचे हात थांबले. 

"माझ्या ताटावर बसून ती बोलली आणि तुम्ही ते विकलंत?"

मी म्हणालो, विकलं नाही गं. मला त्यातून काही मिळालं नाही.

"मग फुकट दिलंत," ती म्हणाली. "अहो, मी तिच्या भावाला काय काय बोलले या घरात. तुम्ही समोर बसून जेवत होतात."

त्या दिवशी ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. संध्याकाळी मात्र पुढ्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मला सांगून काय उपयोग? माझं कुणाशी भांडण आहे?

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात वरिष्ठांना लेखी कळवलं की मी नियम मोडला होता आणि कसा. त्यांनी वाचून विचारलं, तो सौदा तर कधीच मिटला, आता हे कशाला? मी म्हणालो, मिटला नाही. त्याचं पुढे काय करायचं ते वरिष्ठ ठरवतील.

मग भावाकडे गेलो. तो आता इथल्याच शिवाजीनगरच्या बाजारामागे, माईक आणि स्पीकर बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत आहे. मला पाहून तो हसला. "दादा, तुम्ही इकडं? साहेब लोक वाट चुकले म्हणायचं." खालच्या हॉटेलात उभ्या उभ्या कॉफी घेतली आणि मी सांगून टाकलं. घरी एकदा बोलून झालं होतं म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

तो पेल्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. त्यालाही वर्षानुवर्षं एक कोडं पडलेलं होतं. आपण बोललो नाही हे त्याला माहीत होतं, तेव्हा तीच कुठेतरी बोलली असणार आणि स्वतःची चूक आपल्यावर ढकलतेय, असं त्यानं धरलं होतं. मी म्हणालो, तूच बोललास असं तिला खरंच वाटतं, ती खोटं बोलत नाही.

"म्हणजे बोलली तीच की."

"माझ्याजवळ बोलली."

"तेच म्हणतोय." त्यानं पेला खाली ठेवला. "दादा, तिला सांगू नका. आता ती मला शिव्या घालते, त्याची मला सवय झालीय. उद्या स्वतःला घालायला लागेल. आणि स्वतःला घालायला लागली की थांबत नाही ती. लहानपणापासून बघतोय."

मी विचारलं, आणि रविवारचं जावळ?

"कुठलं जावळ?"

त्याला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं, बोलावलं नसलं तरी कुणाकडून तरी कळलं असेल. तो रस्त्याकडे बघत राहिला.  मग त्यानं विचारलं, केवढा झालाय? मी हातानं उंची दाखवली. चालतो का? धावतो, मी म्हणालो. बरं, म्हणाला, आणि काम आहे म्हणून वर गेला.

घरी परत येताना माझ्या लक्षात आलं की माझी छाती हलकी झाली आहे. ती हलकी का झाली याचा मी रिक्षात बसून शोध घेतला आणि उत्तर सापडलं तेव्हा मला माझीच किळस आली. त्यानं सांगू नका म्हटलं होतं. म्हणजे आता न सांगणं हा माझा भित्रेपणा राहिला नव्हता, त्याची इच्छा झाली होती. पुन्हा एकदा गप्प बसायला चांगलं कारण मिळालं होतं, आणि तेही ज्याचं वाटोळं केलं त्याच्याच तोंडून. जीभ किती आनंदानं आपल्या जागी परत जाऊन बसली होती. तिथेच मी ठरवलं. बहिणीवरच्या मायेनं तो स्वतःचा बळी देत असेल तर ती त्याची माया. ती वापरायचा मला अधिकार नाही. ताटावरचं एकदा वापरलं तेवढं पुरे.

शनिवारी सकाळी एचएसआरला तिच्या घरी गेलो. घरात पाहुण्यांची तयारी, सतरंज्या काढून ठेवलेल्या, मुलगा पळीनं डबा बडवत होता. केस मानेपर्यंत आलेले, दोन क्लिपा लावलेल्या. "दादा, वहिनी नाही आल्या? बसा, पोहे टाकतो." मी म्हणालो, टाकू नकोस. आधी ऐक, मग काय द्यायचं ते ठरव.

मी सांगत असताना ती उभीच होती.  संपल्यावर तिनं मुलाच्या हातातली पळी काढून घेतली, त्यानं भोकाड पसरलं, तिनं पळी परत दिली.

"मला जेवायला बोलावत होता ते यासाठी होतं?"

"नाही. मराठी ऐकायला बोलावत होतो. वापरलं ते नंतर."

"हे जास्त वाईट की कमी?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नाही.

मग तिनं जिन्यातलं विचारलं. तुम्ही तेव्हा नुसतं नाही म्हटलं असतं तर? मी म्हणालो, पुरलं असतं. पण मग कोण, असं तू विचारलं असतंस म्हणून म्हटलं नाही. तिनं मान हलवली, एखादी गोष्ट अखेर जागेवर बसावी तशी. मग खाली बघत म्हणाली, म्हणजे अण्णा म्हणत होता तेच, कुणाजवळ बोलायचं नाही, आणि मी बोललो. भावाला जी भीती होती ती माझ्या डोळ्यांसमोर खरी होत होती. मी घाईनं म्हणालो, तू आपल्या माणसाजवळ बोललीस, बाहेर नेलं ते मी.

"ते मला समजावू नका. ते माझं मी बघतो."

ती बसली. आणि मग तिनं जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. त्या दिवाळीत ती गावी गेली होती आणि भाऊही. आईसमोर तिनं त्याला नाही नाही ते ऐकवलं होतं. आईनं मुलाला सांगितलं, बहिणीची माफी माग, नाहीतर या घरात पाऊल ठेवू नकोस. जे केलं नाही त्याची माफी तो मागेना. तेव्हापासून तो गावी गेलेला नाही. आई त्याचा विषय काढू देत नाही.

मी म्हणालो, आता तू आईला सांग. ती म्हणाली, मी सांगितलं तर म्हणेल, जावळाला मामा पाहिजे म्हणून भावाचा गुन्हा पोटात घालतेय. फोनवर मी बोलू का, विचारलं. आई फोनवर ऐकत नाही, ऐकल्यासारखं करते, असं तिचं उत्तर. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "समोर जाऊन बसा. तुमच्या तोंडानं सांगा. आईनं अण्णाला घरात घेतलं की मग मी त्याला फोन करतो. आधी मला तोंड नाही."

मी विचारलं, उद्याचं?

"पुढं ढकलतो. केसच आहेत, वाढतील."

तिनं पोहे टाकले नाहीत. मी पाणी मागितलं नाही. दारात मुलगा मागे आला आणि तिनं त्याला उचलून आत नेलं.

रविवारी सतरंज्या परत गेल्या, पाहुण्यांना तिनं मुलाला कणकण आहे असं कळवलं. बायकोला मी विचारलं, गावी सोबत येतेस का? ती म्हणाली, नाही. मी आले तर तिची आई माझ्याकडे बघून तुम्हाला निम्मं माफ करेल. ते तुमचं तुम्ही निस्तरा.

मंगळवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. बेळगावला उतरून पुढे बस आहे. हे जाण्याआधी लिहितो आहे, कारण मी स्वतःला ओळखतो. गाडीत बसल्यावर मला पुन्हा एखादं चांगलं कारण सुचू शकतं, आणि इथे लिहून ठेवल्यावर ते वापरता येणार नाही.

तिच्याशी बोललो, भावाशी बोललो. त्यांच्या आईशी बोलायचं राहिलं आहे. तुमच्या मुलानं काही सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं, त्याला घरात घ्या. त्या घरात जाऊन, त्यांच्या समोर बसून, हे माझ्या तोंडानं बोलणं मी अजून देणं लागतो.